पेटींतलें पहिलें वाद्य



शिकाऊ माणसाला कोणतें वाद्य द्यावें, हा प्रश्न आपल्याकडे पुष्कळ दिवस प्रश्न म्हणून उभाच राहिला नव्हता. तंबोरा हवा असला कीं मिरजेच्या कारागिराकडे जावयाचें. तबला हवा असला कीं गुरुजींनीं सांगितलेल्या दुकानांतून घ्यावयाचा. आणि घेतलेलें वाद्य आधीं गुरुजींच्या हातांतून गेल्याशिवाय शिष्याच्या हातीं यावयाचें नाहीं, असा साधा रिवाज होता. तंबोऱ्याची जवारी कोणीतरी लावून दिलेली असे. तबल्याचा स्वर कोणीतरी हातोडीनें चढवून-उतरवून मिळविलेला असे. या 'कोणीतरी'चा आंकडा पावतीवर वेगळा लिहिलेला नसे, म्हणून त्याचें मोलही आपल्या ध्यानांत येत नसे. आज ज्या दुकानांविषयीं बोलावयाचें आहे, त्यांनीं वाद्यांच्या व्यवहारांतून नेमका हाच माणूस काढून टाकला. त्यामुळें वाद्य स्वस्त झालें हें जितकें खरें, तितकेंच नवशिक्याचें काम अवघड झालें हेंही खरें आहे.

अमेरिकेंत या दुकानांना 'बिग बॉक्स' म्हणतात. नांव मालावरून नव्हे, इमारतीवरून पडलें आहे. गांवाच्या कडेला, मोटारी उभ्या करण्याच्या अफाट पटांगणामागें, खिडक्या जवळजवळ नसलेली, पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी सरळ चार भिंतींची ती एक प्रचंड वास्तु असते. दूध, औषधें, बिछाने, मोटारीचे टायर आणि खेळणीं सगळीं एका छपराखालीं मिळतात. गिऱ्हाइकानें ढकलगाडी घेऊन स्वतःच हिंडावें, स्वतःच माल उचलावा आणि दाराशीं पैसे चुकते करावे, हा तेथला शिरस्ता. नाताळ जवळ आला कीं खेळण्यांच्या शेजारच्या फळीवर लांबट खोकीं रचलेलीं दिसतात. खोक्यावर हंसऱ्या मुलाचें चित्र. आंत एक गिटार, खांद्याचा पट्टा, दोन-तीन नख्या, स्वर दाखविणारें चिमुकलें यंत्र, एक पुस्तिका, आणि गिटार विजेची असल्यास तिचा आवाज मोठा करणारी लहानशी पेटी. संगीताच्या आरंभाला लागणारें सर्व कांहीं यांत आहे, असें खोकें म्हणतें. काय राहून गेलें आहे तें खोक्यावर छापलेलें नसतें.

हा व्यापार कालपरवांचा नाहीं. शिकागोच्या 'सीअर्स, रोबक आणि कंपनी'नें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत टपालानें माल पाठविण्याचा धंदा मांडला. तिच्या जाडजूड सूचीपुस्तकांत शेतीचीं अवजारें, शिवणयंत्रें आणि घड्याळें यांच्या सोबतीनें व्हायोलिन, बँजो आणि गिटार यांचींही चित्रें छापून येत. व्हायोलिनबरोबर गज, पेटी, राळ, जादा तारा आणि शिकण्याचें पुस्तक असा संच दिला जाई. म्हणजे आजच्या खोक्याची कल्पना तेव्हांचीच. हीं व्हायोलिनें पुष्कळदां जर्मनींतील मार्कनॉयकिर्खेन आणि बोहेमियांतील शोनबाख या भागांतून येत. तेथें एका घरीं नुसत्या माना कोरीत, दुसऱ्या घरीं नुसत्या पाठी, आणि तिसरीकडे हे अवयव जुळवीत. आंत चिकटविलेल्या कागदावर क्रेमोनाच्या स्त्रादिव्हारीचें नांव लॅटिनमध्यें छापलेलें असे. नमुना कोणाचा तें सांगण्यापुरतेंच तें असे. परंतु नातवंडांना माळ्यावर असें व्हायोलिन सांपडतें, आणि १७३७ सालीं वारलेल्या त्या महान् कारागिराची कृति आपल्या घरांत निघाली म्हणून घर आनंदून जातें. पारख्यांना आजही अशा आशाळभूत मालकांची समजूत घालावी लागते.

१९१६ सालीं सीअर्सनें शिकागोची 'हार्मनी' ही वाद्यें बनविणारी कंपनीच विकत घेतली, आणि पुढें १९२५ पासून टपालाबरोबर उघडीं दुकानेंही चालविलीं. या मालाला नाक मुरडणें सोपें आहे. तथापि ज्या खेडुतांच्या गांवीं संगीताचें दुकान नव्हतें, शंभर मैलांत शिक्षक नव्हता, त्यांच्या घरांत वाद्य पोंचलें तें या सूचीमुळेंच, हें विसरतां येत नाहीं. पुढें चित्रपटांत आणि रेडिओवर गाजलेला गुराख्यांचीं गाणीं गाणारा जीन ऑट्री यानें लहानपणीं आपली पहिली गिटार सीअर्सच्या सूचींतून आठ डॉलरांस मागविली होती. १९३२ सालीं त्याच सीअर्सनें त्याच्या नांवाची गिटार हार्मनीकडून करवून विकावयास काढली.

या परंपरेंतलें सर्वांत शिकण्यासारखें उदाहरण १९६२ सालचें आहे. न्यू जर्सींतील 'डॅनेलेक्ट्रो' या कारखान्याचा मालक नेथन डॅनिएल यानें सीअर्ससाठीं 'सिल्व्हरटोन' या नांवाखालीं विजेची एक गिटार तयार केली. तिची पेटी हाच तिचा आवाज मोठा करणारा संच: झांकण उघडावें, पेटी उभी करावी, तार जोडावी आणि वाजवूं लागावें. किंमत ६७ डॉलर ९५ सेंट. या माणसाची काटकसर पाहण्यासारखी होती. वाद्याचें अंग म्हणजे लांकडी चौकटीवर दोन्हीं बाजूंनीं ठोकलेला दाबीव भुशाचा पत्रा. कडा झांकावयास चिकटपट्टी. आणि तारांचें कंपन टिपणारीं लोहचुंबकें ज्या चकचकीत नळ्यांत बसविलीं होतीं त्या नळ्या चक्क ओंठांच्या रंगाच्या. मात्र दांडी वांकूं नये म्हणून तिच्या पोटांत पोलाद घातलेलें होतें, आणि तारा जेथून निघतात ती खाचांची पट्टी ॲल्युमिनमची होती. म्हणजे जेथें वाजविणाराचें बोट पोंचत नाहीं तेथें त्यानें पैसा वांचविला. जेथें बोट पोंचतें तेथें हात आखडता घेतला नाहीं. म्हणूनच तीं वाद्यें नामवंत वादकही आज हौसेनें शोधून वापरतात. 'माँटगोमेरी वॉर्ड' या प्रतिस्पर्धी पेढीच्या 'एअरलाइन' गिटारींचीही गोष्ट तशीच आहे: जॅक व्हाइट हा अलीकडचा प्रसिद्ध वादक, त्याची ओळख बनलेली लाल गिटार म्हणजे १९६४ च्या सुमाराची, कांचतंतूंच्या सांच्यांत ओतलेली अशीच एक दुकानी चीज.

तेव्हां दोष स्वस्ताईचा नव्हे.

योगायोग असा कीं, ज्या १९६२ सालीं हें वाद्य निघालें त्याच सालीं वॉलमार्ट, टार्गेट आणि केमार्ट या तिन्हीं साखळ्यांचीं पहिलीं दुकानें अमेरिकेंत उघडलीं. सीअर्सचें सर्वसाधारण सूचीपुस्तक १९९३ मध्यें बंद पडलें. तिची जागा ह्या चौकोनी दुकानांनीं घेतली. १९९५ मध्यें स्थापन झालेल्या 'फर्स्ट ॲक्ट' या कंपनीचीं गिटार आणि इतर वाद्यें खास अशाच दुकानांतून खपत. २००६ सालीं तर एका जर्मन मोटारीबरोबर या कंपनीची गिटार भेट म्हणून देत, आणि ती मोटारींतल्या ध्वनियंत्राला जोडून वाजवितां येई! मोटारीबरोबर गिटार फुकट मिळते, त्या काळांत वाद्य ही 'वस्तु' किती झाली होती याचा याहून वेगळा दाखला नको.

आतां या वस्तूंत उणें काय असतें तें जरा बारकाईनें पाहूं. पडदे चुकीच्या जागीं बसविलेले असतील, अशी शंका पहिल्यानें येते. एके काळीं ती खरीही ठरली असती. पडदे कोठें बसवावे याचा हिशेब मोठा नाजूक आहे. गॅलिलिओचा बाप व्हिन्चेन्झो गॅलिली हा स्वतः वादक होता; त्यानें १५८१ सालच्या आपल्या ग्रंथांत, उरलेल्या तारेचा अठरावा भाग सोडून पुढचा पडदा बांधावा, असा ठोकताळा दिला. आजचा कांटेकोर आंकडा १७.८१७ इतका आहे. परंतु आज संगणकानें चालणारी करवत हें अंतर स्वस्तांतल्या स्वस्त दांडीवरही अचूक पाडते. यंत्रानें जें स्वस्त केलें तें हेंच: मोजमाप. जें यंत्राला स्वस्त करतां आलेलें नाहीं, तें म्हणजे तयार झालेल्या एकेका वाद्याकडे पाहून त्याला हात लावणें.

गिटारीच्या दांडीच्या वरच्या टोंकाला खाचांची एक पट्टी असते. तींतून तारा खुंट्यांकडे जातात. या खाचा किती खोल कापाव्या? खाच केंसभर जास्त खोल गेली तर तार पहिल्या पडद्याला घासून झणझणते, आणि मग ती पट्टी फेंकून देण्यावांचून गति नसते. खाच उथळ राहिली तर वाद्य झणझणत नाहीं, फक्त वाजविणाराला कष्ट पडतात. दिवसाला हजारों नग बाहेर काढणारा कारखाना यांपैकीं कोणता धोका पत्करील हें सांगावयास नको. खाचा उथळ ठेवल्या जातात; दुकानांत जाण्यापूर्वीं कोणी जाणकार कानशीनें त्या उतरवील, अशी जुनी समजूत त्यामागें आहे. खोक्याच्या दुकानांत तो जाणकार नाहीं. वाद्य जसें कारखान्यांतून निघालें तसेंच तें मुलाच्या मांडीवर येतें.

याचा परिणाम कोठें होतो तें ध्यानांत घ्या. तार पडद्यापासून जितकी उंच, तितकी ती दाबतांना अधिक ताणली जाते. आणि तार ताणली कीं स्वर चढतो. ही चूक वरच्या टोंकाच्या पहिल्या दोन-तीन पडद्यांवर सर्वांत अधिक जाणवते, आणि नवशिक्याचे पहिले धडे नेमके त्याच पडद्यांवर असतात. वर्षभर शिकलेला वादक दांडीच्या मध्यावर खेळूं लागतो, तेथें हा दोष सौम्य होतो. म्हणजे वाद्य आपला सर्वांत वाईट भाग त्यालाच दाखवितें, ज्याला अजून कांहींच येत नाहीं. मोकळ्या तारा यंत्राप्रमाणें बरोबर मिळविलेल्या आहेत, बोटें पुस्तिकेंतल्या चित्राप्रमाणें आहेत, आणि तरी स्वरसंघ बेसूर! त्यांत पोलादी तारांच्या गिटारीवर साऱ्या तारांचा मिळून सुमारें ७० किलोंचा ताण असतो. समुद्रावरून आलेली दांडी कोरड्या-दमट हवेनें जराशी वांकली, कीं तारा आणखी उंच होतात. बाराव्या पडद्यावर तार दोन-अडीच मिलिमीटर उंच असावी. ती चार-पांच असली तर प्रौढ माणसाचींही बोटें दुखून येतात.

मूल तक्रार करीत नाहीं. वाद्य चुकीचें असूं शकतें हें त्याला ठाऊकच नसतें. नवें कोरें, चकाकणारें, खोक्यांतून निघालेलें वाद्य चुकीचें कसें असेल? तें निष्कर्ष काढतें कीं आपलीं बोटें जड आहेत, आपल्याला कान नाहीं. आईबापही तेंच म्हणतात. पांचव्या-सहाव्या आठवड्यांत वाद्य पलंगाखालीं जातें, आणि 'संगीत आपल्या घराण्यांत नाहीं' हें वाक्य घरांत कायमचें वस्तीला येतें. गिटारीची किंमत बुडाली याचें मला विशेष वाटत नाहीं. तें वाक्य मात्र फार महाग पडतें.

व्हायोलिनची अवस्था याहून बिकट आहे. गिटार निदान खोक्यांतून निघाल्याबरोबर कांहीं तरी वाजते. व्हायोलिनची घोडी कोठेंही चिकटविलेली नसते. ती केवळ तारांच्या दाबानें उभी राहते, आणि तिचे पाय त्या-त्या वाद्याच्या पोटाच्या बांकाला जुळतील असे कोरावे लागतात. आंत पोट आणि पाठ यांच्यामध्यें अशीच एक काठी नुसती अडकवून उभी केलेली असते. फ्रेंच कारागीर तिला 'आत्मा' म्हणतात. प्रवासांत तारा पुऱ्या सैल झाल्या कीं हा आत्मा आंतल्या आंत आडवा होतो. खुंट्या नीट घांसून बसविलेल्या नसल्या तर पीळ देतांच उलट्या फिरतात. आणि राळेची नवी वडी कांचेसारखी गुळगुळीत असते. ती खरवडून गजाच्या केंसांना पुष्कळ वेळ चोळल्याशिवाय गज तारेवरून नुसता घसरतो, आवाज म्हणून निघत नाहीं. हें वाद्य मुकेंच आहे असें समजून परत करणारीं माणसें असतील तर त्यांना हंसूं नये. त्यांना हें कोणीं सांगावयाचें होतें? अशा मालाला अमेरिकेंतील शिक्षकांनीं एक बोंचरें नांव ठेवलें आहे: 'व्हायोलिनच्या आकाराची वस्तु'.

तेथील शाळांतून मुलें दहा-अकराव्या वर्षीं वाद्यवृंदांत जातात, तेव्हां सनई आणि कर्ण्याच्या जातीचीं वाद्यें घ्यावीं लागतात. स्वस्त वाद्यांच्या चाव्यांचा धातु मऊ असला तर त्या बोटांच्या जोरानें वांकतात, आणि सुटे भाग मिळत नसल्यामुळें दुरुस्ती करणारे तीं हातीं घ्यावयासच नकार देतात. म्हणून कित्येक शाळा वर्षाच्या आरंभींच पालकांना पत्र धाडून अशा खरेदीपासून सावध करतात.

मग दुकानें एखादा जाणकार कां ठेवीत नाहींत? हिशेब सरळ आहे. गिटार लावून देणाऱ्या माणसाची तासाभराची मजुरी सबंध खोक्याच्या किंमतीच्या निम्म्याच्या घरांत जाते. त्यापेक्षां नापसंत माल विनातक्रार परत घेणें दुकानाला स्वस्त पडतें. पण परत आलेलें खोकें कांहीं बोलत नाहीं. 'नको' एवढेंच कारण नोंदलें जातें. खाच उथळ होती कीं मुलाचा कंटाळा खरा होता, हें कारखान्यापर्यंत कधींच पोंचत नाहीं. आपल्या कारागिराकडे जवारी बिघडलेला तंबोरा परत येतो तेव्हां त्याच्याबरोबर शिव्याही येतात, आणि पुढचा तंबोरा सुधारतो.

एक वाद्य मात्र या व्यवहारांत पुरेपूर उतरलें आहे, तें म्हणजे विजेच्या स्वरपट्ट्यांची पेटी. जपानच्या 'कॅसिओ' कंपनीनें गणकयंत्रांच्या धंद्यांतून येऊन १९८० सालीं आपली पहिली 'कॅसिओटोन' काढली. तिला ना खुंटी, ना घोडी, ना खाच. ती कधीं उतरत नाहीं. ती विकावयास जाणकार लागतच नाहीं. आपल्याकडे तर कंपनीचें नांव हेंच वाद्याचें नांव होऊन बसलें आणि पोरें 'कॅसिओ शिकतों' म्हणूं लागलीं. आपल्या घरांत बाजाची पेटी जी इतकी पसरली, तिच्याही मुळाशीं हाच गुण आहे कीं ती सुरांत तयार होऊन येते. आकाशवाणीनें १९४० पासून १९७१ पर्यंत तिला आपल्या दारांत येऊं दिलें नाहीं, पण घरांतून कोणी तिला घालविली नाहीं! स्वस्तांतल्या विजेच्या पेटींतही एक मेख असतेच. पट्टी हळू दाबली काय किंवा जोरानें दाबली काय, स्वर सारखाच निघत असेल, तर त्या मुलाच्या बोटांना नाजूकपणा शिकण्याचें कांहीं कारणच उरत नाहीं. घेतांना हें एक पाहून घ्यावें, आणि पट्ट्या पियानोच्या रुंदीच्या आहेत ना, हेंही पाहावें.

आतां ज्यांच्या घरीं असें खोकें आलेलेंच आहे त्यांच्यासाठीं. आपल्या शहरांतूनही आतां प्रचंड दुकानें आणि घरपोंच माल देणाऱ्या पेढ्या झाल्या आहेत, तेव्हां हें कांहीं परदेशचें दुखणें राहिलेलें नाहीं. गिटार असेल तर एक तार तिसऱ्या पडद्यापाशीं दाबून धरा आणि पहिल्या पडद्यावर तिच्याखालीं किती जागा उरते तें पाहा. कागदाच्या जाडीइतकी फट ठीक. त्याहून बरीच मोठी असेल तर खाच उथळ आहे. नंतर बाराव्या पडद्याच्या नेमकें वर तारेला बोट नुसतें टेंकवून ती छेडा. घंटेसारखा बारीक स्वर निघेल. मग त्याच पडद्यावर तार दाबून छेडा. दोन्ही स्वर एकच असावेत. दाबलेला स्वर चढा लागला तर तारा उंच आहेत किंवा घोडी आपल्या जागीं नाहीं. हे दोन्ही दोष बहुधा सुधारतां येतात. तंतुवाद्यें दुरुस्त करणाऱ्या कोणाही जाणत्याला तें तासाभराचें काम आहे, आणि तो देईल तें वाद्य पुष्कळदां ओळखूंही येत नाहीं. पहिला धडा त्यानंतर सुरू करावा. मुलाचीं बोटें फारच कोंवळीं असतील तर पोलादी तारांची गिटार घेऊंच नये, नायलॉनच्या तारांची घ्यावी. मात्र पोलादी तारांच्या गिटारीवर नायलॉनच्या तारा चढविण्याच्या भरीस पडूं नये. ती घोडी त्यांच्यासाठीं नसते.

व्हायोलिन असेल तर तें उघडून स्वतः घोडी उभी करण्याची खटपट करूं नये. तें शिक्षकाकडे न्यावें, आणि आधीं मुलाच्या हाताची लांबी मोजवून घ्यावी. हीं वाद्यें पाव, अर्धें, पाऊण अशा मापांचीं येतात. आठ वर्षांच्या मुलाला पूर्ण मापाचें दिलें तर त्याची करंगळी चौथ्या स्वरापर्यंत पोंचतच नाहीं. मूल दर दीड-दोन वर्षांनीं मापाबाहेर जातें, म्हणून अमेरिकेंत शहाणे पालक लहान व्हायोलिन विकत घेतच नाहींत. वाद्यांच्या दुकानांतून तें महिन्याच्या भाड्यानें आणतात. घोडी पडली, खुंटी घसरली, तर तें दुकानच नीट करून देतें, आणि मूल वाढलें कीं लहान परत करून मोठें नेतां येतें. फिलाडेल्फियाच्या सार्वजनिक वाचनालयांत तर पुस्तकाप्रमाणें कार्डावर गिटार, बँजो, मँडोलिन घरीं नेण्याची सोय केलेली आहे. एका मुलानें आणून ठेवलेलें वाद्य पुढच्या मुलाच्या हातीं जाण्याआधीं तेथें कोणीतरी त्याच्या तारा तपासून ठेवतो.